पार्किंगमध्ये ऑइलचा डाग: इंजिन उघडायचं की नुसती डिपस्टिक बघत राहायचं?

गाडी बाहेर काढली की फरशीवर रुपयाएवढा काळा डाग. पुसला, तर चार दिवसांनी पुन्हा तिथेच. गॅरेजमध्ये दाखवलं की एक जण सांगतो, 'चालू द्या, काही होत नाही', आणि दुसरा सांगतो, 'गिअरबॉक्स उतरवावा लागेल'. दोघांपैकी कोण बरोबर हे डागाकडे बघून कळत नाही. ऑइल नेमकं कुठून येतंय, वाटेत कशावर पडतंय आणि हजार किलोमीटरला किती जातंय, एवढ्या तीन गोष्टी कळल्या की निर्णय जवळपास आपोआप होतो. डागाचा आकार मात्र फसवा असतो. फरशीवर ऑइल पसरतं, तेच पेव्हर ब्लॉकवर मुरतं, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावर एका थेंबाचा हातभर इंद्रधनुषी तवंग दिसतो.

खालचं सगळं प्रामुख्याने आपल्याकडच्या छोट्या-मध्यम कारबद्दल आहे. बहुतेक मोटारसायकलींच्या इंजिनात ऑइल जेमतेम एक-दीड लिटर असतं, त्यामुळे तिथे सहन करायची मर्यादाही तितकीच लहान.

आधी ते इंजिन ऑइल आहे का ते बघा

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर खुणेने मांडून ठेवा, म्हणजे थेंब नेमका कुठल्या भागाखाली पडला ते सकाळी कळतं. तपकिरी ते काळा, बोटांत चोळल्यावर गुळगुळीत आणि किंचित जळकट वासाचा थेंब इंजिन ऑइलचा. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल. लालसर असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. हिरवा, गुलाबी किंवा निळा आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट. फिकट पिवळा, पातळ आणि चाकाच्या आतल्या बाजूला किंवा मास्टर सिलिंडरखाली असेल तर ब्रेक फ्लुइड, आणि मग हा लेख बाजूला ठेवून गाडी तिथेच उभी करा. रंग-वास काहीच नसलेलं पाणी एसीचं, त्याची काळजी नको.

गाडी वॉरंटीत असेल तर पुसापुशी करण्याआधी फोटो काढा आणि सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर 'ऑइल गळती' असं लिहून घ्या. धुतलेल्या इंजिनावर तक्रार सिद्ध करायला गळती पुन्हा दिसेपर्यंत थांबावं लागतं. जुनी गाडी घेताना हाच नियम उलटा लावायचा: दहा वर्षांच्या गाडीचं इंजिन बोनेटखाली चकाचक धुतलेलं दिसलं की कौतुक करू नका, पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा बोनेट उघडा.

किती जातंय ते मोजा

ऑइलचा एक थेंब साधारण ०.०३ ते ०.०५ मिलिलिटरचा. रात्री दहा थेंब पडत असतील तरी महिन्याला १५ मिलिलिटरच्या आतच, म्हणजे तीन छोटे चमचे. घाबरण्यासारखं हे प्रमाण नाही.

पण पुठ्ठ्यावर दिसतं ते फक्त उभ्या गाडीचं. टॅपेट कव्हरजवळची (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाजवळची) गळती बहुतांशी इंजिन चालू असतानाच होते, कारण ऑइल वर उडत असतं तेव्हाच. गाडी उभी राहिली की ते खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं आणि गळती थांबते. म्हणून पुठ्ठा कोरडा दिसला तरी रस्त्यावर ऑइल सांडत गेलेलं असू शकतं. खरा हिशेब डिपस्टिकवरच, म्हणजे ऑइलची पातळी मोजायच्या काठीवरच, होतो.

सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, काठी पुसून पुन्हा बुडवून वाचा. प्रत्येक वेळी तीच जागा आणि तोच वेळ. शक्यतो सकाळी, गाडी सुरू करण्याआधी. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण १ लिटरचं अंतर असतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. हे अंतर पट्टीने मोजा. समजा २० मिलिमीटर निघालं, तर पातळी १ मिलिमीटर उतरणं म्हणजे ५० मिलिलिटर गेलं. किलोमीटर आणि पातळी मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि किमान हजार किलोमीटर जाऊ द्या.

हजार किलोमीटरला ५० मिलिलिटर जात असेल तर दहा हजारांच्या सर्व्हिसपर्यंत अर्धा लिटर जाईल. पातळी वरच्या खुणेवरून मधोमध येईल, खाली पोहोचणार नाही. १०० मिलिलिटर जात असेल तर सर्व्हिसच्या आधी एकदा टॉप-अप लागेल. २०० ते ३०० च्या पुढे गेलं की 'किरकोळ' हा शब्द सोडून द्यायचा. आणि पातळी उतरतेय पण इंजिन बाहेरून सगळीकडे कोरडं, असं असेल तर ऑइल गळत नाही, जळतंय. पिस्टनची रिंग किंवा वॉल्व सील यांचा तो वेगळा विषय आहे. पॅकिंगवर (जोडात बसणाऱ्या गॅस्केटवर) खर्च करून त्यात काही फरक पडणार नाही.

उगम शोधताना वरून खाली

ऑइल दोनच दिशांना जातं: उतारावरून खाली आणि वाऱ्याबरोबर मागे. त्यामुळे थेंब जिथून पडतो ती जागा बहुतेक वेळा गुन्हेगार नसते. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग कुठला, ते शोधायचं.

धूळ आणि ऑइल मिळून जो काळा खरवड बसतो तो आधी काढावा लागतो. इंजिन थंड असताना डिग्रीजर किंवा थोडं डिझेल आणि जुना ब्रश, मग फडक्याने पुसून कोरडं करा. डिझेल वापरलं तर शेवटी ब्रेक क्लीनरने पुसा, नाहीतर त्याचाच ओलावा ऑइलसारखा दिसतो. अल्टरनेटर आणि वायरिंगचे सॉकेट पिशवीने झाका. प्रेशर वॉशरचा फवारा थेट इंजिनावर मारू नका. सॉकेटमध्ये पाणी शिरलं की ऑइलच्या तक्रारीत मिसफायरची (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याची) भर पडते.

कोरड्या झालेल्या जोडांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. वीस-तीस किलोमीटर चालवून या. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची रेघ स्पष्ट उमटते आणि तिचं वरचं टोक म्हणजे उगम. पावडरीने कळलं नाही तर ऑइलमध्ये मिसळायची अल्ट्राव्हायोलेट डाय मिळते. ती टाकून पन्नास-शंभर किलोमीटर चालवायचं आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायचा, पिवळट हिरवी रेघ चमकते. खाली शिरून बघायचं असेल तर चाकांना उटी (सरकू नये म्हणून अडसर) लावा आणि गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी जायचं नाही.

पुढचं वाचण्याआधी इंजिनातला एक फरक डोक्यात पक्का बसवा. काही जागी ऑइल पंपाच्या दाबाखाली असतं: फिल्टर, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल कूलर, टर्बोची फीड लाइन, व्हॉल्व टायमिंगचा सोलेनॉइड. तिथे गरम इंजिनात, रस्त्यावरच्या वेगाला साधारण ३ ते ५ बार दाब असतो. टॅपेट कव्हर, चेंबरचा जोड, क्रँकची (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याची) सील अशा बाकीच्या जागी ऑइल फक्त उडतं आणि ओघळतं. उडत्या ऑइलची गळती वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. दाबाच्या जागेची गळती आज ओलसर आणि उद्या धार असं वागू शकते, आणि धार लागली तर काही मिनिटांत इंजिन रिकामं होतं. म्हणून प्रेशर स्विचच्या प्लगमध्ये ऑइल दिसलं, तर ते अगदी थोडं असलं तरी पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. भाग स्वस्त आहे, काम अर्ध्या तासाचं आहे. न बदलल्याने वाचतं काहीच नाही.

टॅपेट कव्हर: सगळ्यात जास्त वेळा हेच

सात-आठ वर्षांनंतर उष्णतेने कव्हरचं रबरी पॅकिंग कडक होतं, चपटं होतं आणि त्याचा दाब सुटतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीत जरा आधीच. नखाने दाबल्यावर पॅकिंग दबलं नाही, प्लॅस्टिकसारखं लागलं, की त्याचं आयुष्य संपलेलं समजा.

कव्हरच्या कडेला नुसता ओलसर घाम असेल, थेंब ओघळत नसेल, तर सोडून द्या. पुढच्या तीन प्रसंगांत मात्र काम काढायचं.

पहिला, ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडत असेल. सिग्नलला थांबल्यावर एसीच्या झोतातून जळका वास येतो, कधी बोनेटच्या फटीतून निळसर धूर दिसतो. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट २०० अंश सेल्सियसच्या जरा पुढे असतो आणि घाटात चढ चढताना मॅनिफोल्ड त्याच्या दुपटीपेक्षा जास्त तापू शकतो. इथे हजार किलोमीटरला किती गेलं हा प्रश्नच नाही, आगीचा आहे.

दुसरा, स्पार्क प्लगच्या विहिरीत ऑइल. प्लगच्या नळ्यांभोवती वेगळी सील असतात, ती गेली की ऑइल आत साचतं. प्लगला वीज देणाऱ्या कॉइलचं रबरी बूट फुगतं, ठिणगी बाजूला पळते आणि मिसफायर सुरू होतो. बाहेरून इंजिन कोरडंच दिसतं, म्हणून कॉइल एकदा उपसून बघा. टोक ऑइलने माखलेलं असेल तर नवी कॉइल घेण्याआधी सील बदला, नाहीतर नवीचीही तीच गत.

तिसरा, ऑइल ओघळून अल्टरनेटरवर किंवा फॅन बेल्टवर जात असेल.

काम घरी करण्यासारखं आहे, पण घाई चालत नाही. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कॉइलच्या प्लगवर क्रमांक टाका, कॉइल आणि ब्रीदरचे पाइप काढा. कव्हरचे बोल्ट एकदम एकेक पूर्ण न काढता बाहेरून आत, थोडेथोडे सैल करत या. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने हलकेच ठोका. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटलं की अ‍ॅल्युमिनियमच्या कडेला ओरखडा पडतो, आणि मग नवं पॅकिंग लावूनही तो ओरखडाच गळत राहतो. कव्हर निघाल्यावर हेडवर (कव्हरखालच्या इंजिनाच्या वरच्या भागावर) स्वच्छ फडकं टाका. एक वायसर टायमिंग चेनच्या बाजूला आत पडला तर दोन तासांच्या कामाला दोन दिवस लागतात.

जुन्या सीलंटचे तुकडे प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. खोबण आणि हेडचा पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करा. ही पायरी घाईत उरकली म्हणूनच नव्या पॅकिंगची बरीच कामं परत येतात. पॅकिंग खोबणीत कोरडंच बसवायचं; पूर्ण कडेने सीलंट फासू नका, त्यावर रबर सरकतं आणि बोल्ट आवळताना बाहेर येतं. सीलंट लागतो तो फक्त टायमिंग कव्हर आणि हेड जिथे भेटतात त्या दोन कोपऱ्यांत, आणि काही इंजिनांत कॅमच्या टोकाला अर्धचंद्राकार भाग असतो तिथे. हे कोपरे कोरडे सोडले की बरोबर तिथूनच थेंब येतो आणि दोष पॅकिंगच्या कंपनीला जातो. प्लगच्या नळ्यांची सील आणि बोल्टखालची रबरी वायसर याच वेळी नवी घ्या.

बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. बहुतेक छोट्या इंजिनांत आकडा १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, तुमच्या इंजिनाचा मॅन्युअलमधून घ्या. १० न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला पाच किलोचा जोर, त्याहून जास्त नाही. टॉर्क पाना मिळत असेल तर तोच वापरा.

गळती दिसली की 'अजून एक आवळ दे' हा जो उपाय सर्रास होतो, तो जुन्या कॉर्कच्या पॅकिंगच्या जमान्यातला आहे. कॉर्क दबायचं, म्हणून थोडा फरक पडायचा. आताच्या बहुतेक कव्हरांत बोल्टला खांदा असतो. खांदा टेकला की पुढचा जोर पॅकिंगवर जातच नाही. मग एक तर बोल्ट तुटतो, हेडमधले आटे जातात किंवा कव्हरला चीर पडते. प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर काढल्यावर सपाट काचेवर ठेवून बघा. डुगडुगलं तर ते वाकलेलं आहे आणि पॅकिंग कितीही भारी आणलं तरी गळणार. कव्हरच बदलावं लागतं.

सर्व्हिसनंतर लगेच सुरू झालेली गळती

सर्व्हिस होऊन आठवडा झाला आणि डाग सुरू झाला, तर इंजिनावर संशय घेण्याआधी फिल्टर आणि चेंबरचा नट (जुनं ऑइल काढायला उघडतात तो) बघा.

फिल्टर काढताना जुनी रबरी रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावर चढवला जातो. दोन रिंगा एकमेकींवर टिकत नाहीत. दाब आला की एक बाहेर सरकते आणि ऑइल धारेने जातं. नवी रिंग ऑइलने ओली करून, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवून मग साधारण पाऊण फेरी, असा सर्वसाधारण प्रघात. फिल्टरच्या डब्यावर वेगळं छापलं असेल तर ते पाळा.

चेंबरच्या नटाखालचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर एकदाच नीट दबतो. दर वेळी नवा घालायचा असतो आणि बऱ्याच ठिकाणी घालत नाहीत. मग गळू नये म्हणून नट जोर लावून आवळतात. छोट्या गाड्यांत या नटाचा टॉर्क बहुधा ३० ते ४० न्यूटन-मीटर असतो. लांब पान्याने दर सर्व्हिसला त्याच्या दुप्पट जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे निघून येतात. आटे गेलेच तर टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा सीलंट भरून चालवू नका. हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून घ्या, नाहीतर चेंबर बदला. हा नट रस्त्यात सुटला तर वाचवायला काही उरत नाही.

चेंबरचा जोड हा स्पीड ब्रेकरचा बळी. पत्र्याचं चेंबर आपटून वाकतं आणि जोडाची कड उघडते. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत पत्रा गंजून टाचणीएवढी भोकंही पडतात. अशा चेंबरवर एम-सीलचा लेप हा घरी पोहोचण्यापुरता इलाज. बऱ्याच इंजिनांत इथे तयार पॅकिंग नसतंच, लिक्विड गॅस्केटची सुमारे ३ मिलिमीटर जाडीची अखंड रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने ओढतात. ट्यूबवर लिहिलेल्या वेळेत चेंबर बसवायचं आणि ऑइल भरण्याआधी सीलंट वाळायला पुरेसा वेळ द्यायचा, रात्रभर मिळाला तर उत्तम. जास्त सीलंट म्हणजे जास्त पक्कं असं नाही. बाहेर येतं तेवढंच आतही येतं, आतला तुकडा सुटून पंपाच्या जाळीत अडकतो आणि गळती थांबवायला गेलेलं इंजिन ऑइल न मिळाल्याने जाम होतं.

बेल्टच्या बाजूची सील

इथे निर्णय इंजिन कुठलं यावर ठरतो. मारुती ८००, पहिली सँट्रो अशा गाड्यांत रबरी टायमिंग बेल्ट आहे. क्रँक किंवा कॅमची पुढची सील पाझरली की ऑइल बेल्टवर जातं, रबर मऊ पडतं, दाते सुटतात. बेल्ट तुटला किंवा सरकला तर गाडी जागच्या जागी बंद, आणि ज्या इंजिनांत पिस्टन-वॉल्व एकमेकांना भिडतात तिथे वॉल्वही वाकतात. म्हणून बेल्टच्या गाडीत इथला ओलावा दिसला की सील आणि बेल्ट एकत्रच बदला. मजुरी तशीही एकाच उघडझापीची आहे. मारुतीच्या के-सिरीजसारख्या चेनच्या इंजिनात चेन ऑइलमध्येच फिरते. तिथे त्याच किरकोळ गळतीची दुरुस्ती थांबू शकते, फक्त बाहेरच्या फॅन बेल्टवर ऑइल उडत नाही ना एवढं बघा.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून येणारा थेंब

सगळ्यात महागडं निदान हेच, आणि चुकीचंही वारंवार होतं. बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) तळाशी ऑइल दिसलं की 'मेन सील गेलं', म्हणजे क्रँकची मागची सील गेली, असं सांगितलं जातं. पण टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा पाझरला तर ऑइल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत बरोबर तिथेच येतं. जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर हेडच्या टोकाला असेल तर त्याची ओ-रिंगही हाच खेळ करते. म्हणून गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी वरची पाठ धुऊन, पावडर मारून घ्या आणि पाठ कोरडी असल्याचं स्वतः बघा. थेंबाचा वासही घ्या. गंधकाचा वास असेल तर सील गिअरबॉक्सच्या शाफ्टचं आहे, क्रँकचं नाही.

मेन सीलच असेल तर सील स्वस्त आणि मजुरी जड: गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरतं, जवळपास पूर्ण दिवसाचं काम. क्लच घसरत नसेल आणि हजार किलोमीटरला ५० मिलिलिटरच्या आत जात असेल, तर क्लच बदलायची वेळ येईपर्यंत थांबणं हाच शहाणपणाचा सौदा. क्लच बदलताना मात्र सील न बदलता गिअरबॉक्स परत चढवू देऊ नका. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, किंवा क्लच सोडताना गाडी थरथरते, असं सुरू झालं तर प्लेटवर ऑइल पोहोचलंय. ऑइल प्यायलेली प्लेट धुऊन पुन्हा चालत नाही.

टर्बो डिझेलवाल्यांसाठी एवढंच: टर्बोच्या ऑइल पाइपच्या जोडावर ओलावा दिसला तर दुरुस्ती लांबवू नका. तिथे दाबही आहे आणि शेजारी तापलेलं लोखंडही. बँजो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) उघडला की तांब्याचे वायसर नवेच.

पॅकिंग बदललं तरी सहा महिन्यांत पुन्हा

काम नीट झालं होतं, कव्हर सरळ होतं, आणि तरी पुन्हा गळतंय. किंवा एक जागा बंद केली की दुसरी सुरू होते. अशा वेळी दोष पॅकिंगचा नाही, इंजिनाच्या पोटात वाढलेल्या दाबाचा आहे.

पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली येतोच. पेट्रोल इंजिनात तो पीसीव्ही वॉल्वमधून ओढून पुन्हा जाळला जातो. छोट्या अंतरावर, इंजिन पुरतं तापण्याआधीच बंद होणाऱ्या शहरी गाड्यांत हा वॉल्व आणि त्याचा पाइप चिकट गाळाने तुंबतो. मग गॅस बाहेर पडायला सगळ्यात कमकुवत सील शोधतो.

तपासणी पाच मिनिटांची. इंजिन आयडलवर असताना पीसीव्ही वॉल्व कव्हरमधून काढून तोंडावर अंगठा ठेवा, ओढ जाणवली पाहिजे. बंद इंजिनात वॉल्व हलवल्यावर आत खडखड आवाज यायला हवा. दुसरी पद्धत: ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी पसरा. निरोगी पेट्रोल इंजिनात ती किंचित आत ओढली जाते. आयडल जरा अडखळेल, त्याचं काही नाही. पिशवी फुगून वर उडायला लागली तर आधी पीसीव्ही आणि ब्रीदरचा पाइप बदला किंवा साफ करा. त्यानंतरही फुगतच असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात; कम्प्रेशन तपासून घ्या आणि तोवर पॅकिंगवर पैसे घालू नका. डिझेलमध्ये झाकण भोकावर उलटं ठेवून बघतात. थोडं थरथरणं चालतं, पण झाकण उडत असेल किंवा धुराचे भपके येत असतील तर तेच निदान.

आणखी एक साधं कारण, जे लाजेखातर कोणी सांगत नाही: ऑइल वरच्या खुणेच्या वर भरलेलं असतं. गळती आहे म्हणून 'जरा जास्तच घाला' असं केलं की क्रँक त्यात आपटतो, फेस होतो आणि सीलवर आणखी भार येतो.

झाकणाच्या आत पांढरट लोणी दिसलं म्हणून लगेच हेड गॅस्केटचा (हेडखालच्या पॅकिंगचा) धसका घेऊ नका. पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनी आतलं दव ऑइलशी मिसळून तसं होतं. तासभर हायवेवर चालवल्यावर ते जातं. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर मात्र गाडी चालवून नव्हे, टो करून न्या.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या आणि जाड ऑइल

स्टॉप-लीकच्या बाटलीतलं रसायन कडक झालेलं रबर थोडं फुगवतं आणि मऊ करतं. त्यामुळे म्हातारं मेन सील कधीकधी खरंच काही महिने शांत होतं, आणि गिअरबॉक्स उतरवायचा खर्च पुढे ढकलायला तेवढं पुरतं. चिरलेलं पॅकिंग, गेलेले आटे, वाकलेलं चेंबर यांवर तिचा काही परिणाम नाही. घातलीच तर मात्रा बाटलीवर लिहिलेली, आणि तेवढं ऑइल कमी भरून.

जाड ऑइलचा सल्ला जपून घ्या. १०डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या जाडीचा ग्रेड, आकडे मोठे तितकं जाड) च्या जुन्या इंजिनात मॅन्युअल परवानगी देत असेल तर १०डब्ल्यू-४० चालेल. पण ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं तर सकाळच्या पहिल्या मिनिटात ऑइल वर पोहोचायला उशीर होतो आणि व्हॉल्व टायमिंगची यंत्रणाही सुस्तावते. थेंब थांबवायला कॅमशाफ्ट झिजवण्यात अर्थ नाही. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटबद्दल म्हणतात, ऑइल गळायचं थांबलं तर समजा ऑइल संपलं. तिथे २०डब्ल्यू-५० चालायचं, कारण इंजिनच तसं होतं.

तशीच ठेवायची ठरली तर

घाम असेल, उडत्या ऑइलची जागा असेल, मॅनिफोल्ड, बेल्ट आणि क्लच कोरडे असतील आणि हजार किलोमीटरला १०० मिलिलिटरच्या आत जात असेल, तर गाडी खुशाल चालवा. दर पंधरा दिवसांनी किंवा हजार किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा, डिपस्टिक बघा. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी तर हमखास. त्याच ग्रेडचं अर्धा लिटर ऑइल आणि छोटं नरसाळं डिकीत असू द्या. टॉप-अप एका वेळी १०० ते २०० मिलिलिटर, मग पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजा. टॉप-अप केलं म्हणून ऑइल बदलायची तारीख पुढे ढकलू नका, जुनं ऑइल आत तसंच असतं.

दर सर्व्हिसला इंजिनाचे माउंटिंग आणि खालचे रबरी पाइप हाताने दाबून बघा. ऑइलने भिजलेलं रबर फुगतं, लिबलिबीत होतं, आणि माउंटिंग बसलं की स्टिअरिंगवर थरथर येते. पार्किंगमध्ये पुठ्ठ्याऐवजी कडा असलेला पत्र्याचा ट्रे ठेवा, सोसायटीची कुरकुर थांबते. ट्रेमध्ये लाकडाचा भुसा टाकला तर तो ऑइल शोषतो. भरलेला भुसा आणि काढलेलं ऑइल गटारात न टाकता जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

चालवताना ऑइलचा लाल दिवा लागला तर तो पातळीचा नाही, दाबाचा असतो. तो लागेपर्यंत पातळी खालच्या खुणेच्या बरीच खाली गेलेली असू शकते. पुढच्या पंपापर्यंत नेऊ म्हणू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, दहा मिनिटांनी काठी बघा. काठी कोरडी असेल तर ऑइल भरून सुरू करा; दिवा काही सेकंदांत विझला नाही तर पुन्हा बंद करून टो बोलवा.